पेट्रोलची स्कूटर की विजेची? खिशाचा हिशेब आणि जिल्ह्याचाही

रोज तीसेक किलोमीटर, म्हणजे महिन्याला ९०० किलोमीटर धावणारी ११०-१२५ सीसीची स्कूटर लिटरला ४५ चा अ‍ॅव्हरेज देत असेल, तर तिला महिन्याकाठी २० लिटर पेट्रोल लागते. १०४ रुपये लिटरने २,०८० रुपये. तेवढ्याच अंतराला विजेची स्कूटर घरच्या सॉकेटमधून साधारण ३१ युनिट ओढते आणि त्याचे ४०० रुपयांच्या आसपास होतात. खिशाचा हिशेब इथेच संपतो: महिन्याला १,६८० रुपये वाचले. जिल्ह्याचा आणि राज्याचा हिशेब मात्र इथून सुरू होतो. पेट्रोलचे २,०८० रुपये गेले तरी त्यातले बरेचसे महाराष्ट्रातच फिरतात, आणि विजेचे ४०० रुपयांत भागले तरी गाडी घेताना मोजलेले काही पैसे थेट परदेशी जातात. दोन्ही बाजू मांडल्याशिवाय "विजेची गाडी म्हणजे आपल्या भागाचा फायदा" हे वाक्य बोलू नये.

ही तुलना शहरात किंवा तालुक्याच्या गावी स्कूटर वा रिक्षा घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी आहे. दर २०२५ च्या उत्तरार्धातले आणि गोळाबेरीज करून घेतलेले आहेत. तुमच्याकडचा दर वेगळा असेल तर तो याच मांडणीत बसवा.

२,०८० रुपये कुठे जातात, ४०० कुठे

| महिना ९०० किमी | पेट्रोल स्कूटर (२० लिटर) | विजेची स्कूटर (३१ युनिट) |
|---|---|---|
| राज्य सरकार | व्हॅट ५०० रु. | वीज शुल्क ५५ रु. |
| केंद्र सरकार | अबकारी ४३८ रु. | इंधनावर थेट काही नाही |
| पंपचालक | कमिशन ८८ रु. | – |
| पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल | सुमारे २५० रु. | – |
| कच्चे तेल, शुद्धीकरण, वाहतूक | सुमारे ८०० रु. | – |
| वीजनिर्मिती, पारेषण, वितरण | – | ३४५ रु. |
| एकूण | २,०८० रु. | ४०० रु. |
| घरात उरलेले | – | १,६८० रु. |

पेट्रोलच्या रकान्यातले आकडे असे येतात. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे असा कर आहे. त्याआधी मुंबई, ठाणे, नवी मुंबईला २६ टक्के होता. १०४ रुपयांतून हा कर वजा केला की ७९ रुपये उरतात. त्यात केंद्राचे अबकारी शुल्क २१ रुपये ९० पैसे (एप्रिल २०२५ च्या वाढीनंतरचे) आणि पंपचालकाचे साडेचार रुपयांच्या आतले कमिशन. राहिले बावन्न-त्रेपन्न रुपये, ते मालाचे. अबकारीतला अगदी छोटा भाग, लिटरला १ रुपया ४० पैसे एवढाच, राज्यांबरोबर वाटून घेतला जातो. बाकीचा अधिभार आणि उपकर या नावाने असल्याने पूर्णपणे केंद्राकडे राहतो.

म्हणजे पेट्रोलचा सगळा पैसा अरबस्तानात जातो हे खरे नाही. व्हॅट, कमिशन आणि राज्यातल्या डिस्टिलरीतून येणारे इथेनॉल धरले तर २,०८० पैकी सातशे-आठशे रुपये महाराष्ट्रात राहतात. मुंबईत माहुलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांचे शुद्धीकरण कारखाने आहेत, त्यांच्या पगारापाण्याचाही थोडा वाटा यात आला. पण ज्या कच्च्या तेलावर हे सगळे उभे आहे, ते देश ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. मुंबई हायचे तेल या मागणीपुढे पुरे पडत नाही.

विजेच्या रकान्यात सगळ्यात मोठा भाग वीज तयार करणे आणि पोचवणे याचा. तो जातो महावितरण, महापारेषण, महानिर्मिती आणि खासगी वीजनिर्मात्यांकडे. रात्री चार्जिंग केले तर त्यातली बहुतेक वीज कोळशाची: चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे केंद्र, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस, नाशिक. कोळसा काही ओडिशा आणि छत्तीसगडमधून येतो, पण मोठा हिस्सा नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या वणी, बल्लारपूर, उमरेड या पट्ट्यातला. त्या कोळशाच्या किमतीवर राज्याला १४ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) मिळते आणि त्याच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रक्कम जमा होते. तो निधी खाणबाधित गावांसाठीच वापरायचा असतो. चंद्रपूरकरांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुण्यातली स्कूटर स्वच्छ होते तेव्हा राख आणि धूर चंद्रपूरच्या वाट्याला येतो, आणि त्याची जी काही भरपाई आहे ती या निधीतूनच यायची आहे.

तिजोरीचा तोटा खरा आहे

विजेच्या गाड्यांची बाजू मांडणारे बहुतेक जण ही गोष्ट गाळतात, म्हणून सविस्तर सांगायला हवी. एका स्कूटरमागे राज्याचा महिन्याला ५०० रुपये व्हॅट बुडतो आणि बदल्यात ५५ रुपये वीज शुल्क मिळते. शिवाय पेट्रोल दुचाकीवर नोंदणीच्या वेळी १० ते १२ टक्के मोटार वाहन कर बसतो. तो विजेच्या गाडीला राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणानुसार माफ आहे, आणि हे धोरण ३१ मार्च २०३० पर्यंतचे आहे. जीएसटीतही फरक आहे. विजेच्या गाडीला ५ टक्के, ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकीला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के.

मग फायदा कुठे? घरात उरलेल्या १,६८० रुपयांत. ते किराणा, शिकवणी, दवाखाना, कपडे यांवर खर्च झाले की गावातल्या दुकानात जातात, आणि ज्यावर जीएसटी आहे त्यातला अर्धा राज्याचा. तरीही ५०० रुपयांची भरपाई त्यातून पूर्ण होत नाही. १,६८० रुपयांची सगळी खरेदी १८ टक्क्यांच्या वस्तूंची झाली तरी राज्याच्या वाट्याला सव्वाशे-दीडशे रुपयेच येतील. त्यामुळे सरळ सांगायचे तर पेट्रोल दुचाकी विजेवर गेली की राज्याची तिजोरी थोडी हलकी होते, आणि घर, बाजारपेठ, देशाचे परकीय चलन यांना मिळणारा फायदा त्याहून मोठा ठरतो. रस्ते, शाळा, अनुदाने ज्या तिजोरीतून चालतात तिचे हे नुकसान पुढेमागे कुठल्या तरी कराने भरून काढले जाणार. आजची करमाफी कायमची धरून दहा वर्षांचा हिशेब करू नये.

सीमेवरच्या तालुक्यांत चित्र उलटे दिसते. गोव्यात आणि गुजरातेत पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे. सावंतवाडी, दोडामार्गची माणसे कामाला गोव्यात जातात आणि टाकी तिकडेच भरून येतात. तलासरी, नवापूरकडे गुजरातचे पंप जवळ आहेत. तिथल्या स्कूटरचा व्हॅट महाराष्ट्राला आजही मिळत नाही. तीच स्कूटर घरी चार्ज झाली तर वीजबिल आणि वीज शुल्क दोन्ही राज्यात राहतात. या भागात राज्याला गमवायला फारसे काही नाही.

उसाचा प्रश्न

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरमध्ये हा विषय निघाला की पहिला सवाल येतो: पेट्रोल कमी खपले तर इथेनॉलचे काय? सवाल रास्त आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, म्हणजे वरच्या स्कूटरमागे महिन्याला ४ लिटर. सी-हेवी मळीच्या (साखर काढून शेवटी उरणाऱ्या मळीच्या) इथेनॉलला लिटरला ५८ रुपयांच्या जवळपास आणि उसाच्या रसाच्या इथेनॉलला साडेपासष्ट रुपये दर मिळतो. त्यातले सगळे महाराष्ट्रातल्या उसाचे नसते. देशात मक्यापासून आणि तांदळापासून होणाऱ्या इथेनॉलचा वाटा झपाट्याने वाढला आहे.

कारखान्याला मात्र विजेच्या बाजूलाही पाय ठेवायला जागा आहे. चिपाडावर चालणाऱ्या सहवीज प्रकल्पांची राज्यातली क्षमता दोन हजार मेगावॉटहून अधिक आहे आणि गाळप हंगामात ती वीज महावितरणला विकली जाते. अडचण दराची आहे. सौर वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळू लागल्यावर सहवीजेला पूर्वीसारखा भाव मिळत नाही. म्हणून ऊसपट्ट्यातल्या माणसाने स्कूटर घेताना कारखान्याची काळजी करावी असे वाटत नाही. चार लिटर इथेनॉलचे अडीचशे रुपये आणि घरात उरणारे १,६८० यांची तुलना केली तर उत्तर स्पष्ट आहे. कारखान्याच्या संचालक मंडळाने मात्र डिस्टिलरीची क्षमता वाढवण्यासाठी नवे कर्ज काढताना ही मागणी दहा-पंधरा वर्षे अशीच राहील असे गृहीत धरू नये.

बॅटरीचा पैसा: किती किलोमीटरनंतर वसूल?

विजेच्या बाजूची खरी गळती इथे आहे. स्कूटर चाकण, आकुर्डी किंवा बारामतीत जुळवली तरी तिच्यातले लिथियम सेल बहुतांश चीनमधून येतात. मोटारीतले दुर्मीळ खनिजांचे चुंबकही तिथलेच. एप्रिल २०२५ मध्ये चीनने या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा इथल्या स्कूटरनिर्मितीला लगेच त्याची झळ बसली.

आकड्यांत मांडू. ३ किलोवॉट-तासाची (म्हणजे ३ युनिट वीज मावणारी) बॅटरी, सेलची किंमत किलोवॉट-तासाला ८ हजार रुपये धरली, तर २४ हजार रुपये गाडी घेतल्या दिवशीच देशाबाहेर गेले. आता पेट्रोलकडे या. २० लिटरमधले इथेनॉल वगळता १६ लिटर खनिज तेलाचे. कच्चे तेल पिंपाला ७० डॉलर आणि डॉलर ८८ रुपये धरला तर परदेशी जाणारी रक्कम महिन्याला ६०० रुपयांच्या आसपास येते. २४ हजार भागिले ६०० म्हणजे ४० महिने. सव्वातीन वर्षांनी देशाचे पैसे वसूल झाले, त्यापुढे फायदा.

हाच हिशेब रोज १० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला लावा. महिन्याला ३०० किलोमीटर, परदेशी जाणारे तेलाचे पैसे २०० रुपये, वसुलीला १० वर्षे. तोवर बॅटरी बदलायची वेळ येते. म्हणजे घरापासून बाजारापर्यंत आणि देवळापर्यंत फिरणाऱ्या गाडीने ना तुमचा फार फायदा होतो, ना तुमच्या भागाचा. अशा वापराला चालू स्थितीतली जुनी पेट्रोल स्कूटरच ठेवावी. विजेच्या गाडीचा आर्थिक फायदा किलोमीटरमध्ये आहे. जो जास्त धावतो त्याने आधी बदल करावा: डिलिव्हरी करणारे, वैद्यकीय प्रतिनिधी, दूधवाले, तालुक्याहून जिल्ह्याला रोज ये-जा करणारे.

खिशाच्या बाजूनेही तेच दिसते. सारख्या दर्जाच्या दोन स्कूटरांच्या किमतीत २५ हजारांचा फरक धरला, तर ९०० किलोमीटरवाल्याचा तो पंधरा महिन्यांत निघतो. ३०० किलोमीटरवाल्याचा निघायला पावणेचार वर्षे लागतात. कर्ज घेतलेच तर फरकाच्या २५ हजारांचा १२ टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता ८३० रुपये पडतो, म्हणजे पहिली तीन वर्षे बचतीतला निम्मा भाग हप्त्यात जातो. हे व्याज गावातल्या पतसंस्थेत किंवा जिल्हा बँकेत गेले तर जिल्ह्यातच फिरते. बाहेरच्या वित्तसंस्थेचे शोरूममध्येच मिळणारे कर्ज सोयीचे असते, पण विजेच्या गाडीला त्यांचा व्याजदर पेट्रोल गाडीपेक्षा जास्त लागलेला अनेकदा दिसतो. दोन्हीकडचे कोटेशन घ्या, प्रक्रिया शुल्कासह.

रिक्षा: इथे निवड सोपी आहे

रिक्षाची तुलना पेट्रोलशी नाही, सीएनजीशी करावी लागते. दिवसाला १०० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस. शहरातल्या रहदारीत किलोला ३२ किलोमीटर धरले तर ७८ किलो गॅस, ९० रुपयांनी सात हजार रुपये. विजेची रिक्षा १०० किलोमीटरला सॉकेटमधून साडेसात युनिटच्या आसपास घेते, म्हणजे महिन्याला १८८ युनिट, १३ रुपयांनी अडीच हजार. साडेचार हजारांची बचत आणि गॅसपंपावरच्या रांगेतले रोजचे तास वाचतात ते वेगळे. त्या वेळात आणखी दोन-चार भाडी होतात, त्यामुळे हा फायदा कागदावर दिसतो त्याहून मोठा आहे.

तिजोरीच्या दृष्टीनेही फरक आहे. महाराष्ट्राने सीएनजीवरचा व्हॅट एप्रिल २०२२ पासून साडेतेरा टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. सीएनजी रिक्षा विजेवर गेली तर राज्याचे फारसे काही बुडत नाही. देशात लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा द्रवरूपात जहाजाने येतो, ती आयात तेवढी घटते. म्हणून अनुदानाचा रुपया मर्यादित असेल तर तो आधी रिक्षा आणि मालवाहू तीनचाकीला द्यावा, खासगी स्कूटरला नंतर, असे स्पष्ट मत आहे. एका रिक्षामागे महिन्याला अडीच हजार किलोमीटर विजेवर येतात.

दोन गोष्टी आधी बघा. बॅटरीवर चालणाऱ्या प्रवासी वाहनांना केंद्राने २०१८ पासून परवान्यातून सूट दिली आहे, पण नोंदणी, फिटनेस, बॅज आणि स्थानिक आरटीओचे नियम लागू राहतात. दुसरे म्हणजे बॅटरी. ९ किलोवॉट-तासाची बॅटरी सहा-सात वर्षांनी बदलावी लागली तर एकरकमी लाखाच्या वर जातात. बचतीतले दीड हजार रुपये पहिल्या महिन्यापासून वेगळे ठेवले तर तो दिवस जड जात नाही. हे न केल्यामुळे चांगली चाललेली रिक्षा बॅटरी संपल्यावर भंगारात निघते आणि मालक पुन्हा कर्जात पडतो.

वीजबिलाचा टप्पा आणि दुपारची वीज

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. स्थिर आकार सोडून, वहन आकारासह (वीज पोचवण्याचा आकार), पहिल्या १०० युनिटना युनिटमागे सहा रुपयांच्या आसपास, १०१ ते ३०० ला अकरा-साडेअकरा, ३०१ ते ५०० ला चौदाच्या पुढे, आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. वाढीव युनिट नेहमी तुमच्या बिलाच्या शेवटच्या टप्प्यात पडतात. म्हणून बिलातला सरासरी दर बघू नका, शेवटच्या टप्प्याचा दर बघा. घराचा वापर १५० युनिट असेल तर स्कूटरची ३१ युनिट १३ रुपयांनी पडतील. वापर २९० असेल तर त्यातली बरीचशी साडेसोळाने पडतील. स्कूटरला याने फार बिघडत नाही, किलोमीटरला पन्नास-साठ पैशांच्या आतच राहते. रिक्षाची १८८ युनिट मात्र बिलाचा तोल घालवतात. तिथे विद्युत वाहन चार्जिंगच्या वर्गवारीत वेगळी जोडणी घ्या. मुंबईत बेस्ट, टाटा आणि अदानीचे दर वेगळे आहेत, त्यांचे दरपत्रक पाहा.

राज्याच्या हिशेबात कोणत्या वेळी चार्ज करता याला फार महत्त्व आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटला ८० पैशांपासून सवलत सुरू झाली ती याचमुळे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत वीज उपकेंद्राजवळची पडीक जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. दुपारी चार्ज केलेली स्कूटर जी वीज वापरते तिचा काही भाग मराठवाड्यातल्या अशा माळरानावर तयार झालेला असतो. विजेचा रुपया तालुक्याच्या इतका जवळ दुसऱ्या कुठल्याही मार्गाने येत नाही.

स्वतःचे छप्पर असेल तर आणखी पुढे जाता येते. १ किलोवॉटचे पॅनल महिन्याला सरासरी १२० युनिट देते, स्कूटरला त्याचा चौथा हिस्सा पुरतो. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार आणि ३ किलोवॉट व पुढे एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. नेट मीटर (तुम्ही दिलेली आणि घेतलेली वीज वजा-जमा करणारा) बसल्यावर रात्री चार्ज केले तरी हिशेब जुळतो.

घरात काय बिघडते

तक्रारी गाडीपेक्षा सॉकेटच्या जास्त असतात. कारण साधे आहे: मिक्सर दोन मिनिटे चालतो, चार्जर चार तास सलग. ढिला स्क्रू, झिजलेले सॉकेट, बारीक वायर यांना एवढा वेळ सलग प्रवाह सोसत नाही. सांधा तापतो, प्लॅस्टिक वितळते. एक्स्टेंशन बोर्डावर चार्जिंग करू नका, कितीही भारी बोर्ड असला तरी.

स्कूटरला हवे ते एवढेच: १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, त्याला मीटरपासून वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह गळला की वीज तोडणारा स्विच). अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत असावा. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, मग चार्जर "अर्थ फॉल्ट" दाखवून बंद पडतो आणि लोक गाडीला दोष देतात. खड्ड्यात पाणी टाकून बघा, तरीही सुटले नाही तर इलेक्ट्रिशियनकडून नवे अर्थिंग करून घ्या. खेड्यात संध्याकाळी दाब १७०-१८० व्होल्टपर्यंत उतरतो, तेव्हाही बरेच चार्जर थांबतात. रात्री अकरानंतर किंवा दुपारी लावले की प्रश्न सुटतो.

कारसाठी घरी ७.४ किलोवॉटचा चार्जर बसवायचा तर ३२ अँपिअरची लाइन, किमान ६ चौरस मिलिमीटरची वायर आणि महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेणे हे सगळे आले. सोसायटीत असाल तर गाडी बुक करण्याआधी समितीशी बोला, चार्जर कोणत्या मीटरवर आणि केबल कुठून हे लेखी ठरवून घ्या. शोरूममधून निघालेली गाडी आणि अडलेली परवानगी, हा प्रसंग शहरात नेहमीचा आहे.

विदर्भात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत गाडी चालवून आल्या आल्या प्लग लावू नका. तापलेल्या बॅटरीला बॅटरी नियंत्रण यंत्रणा स्वतःच कमी प्रवाह देते किंवा चार्जिंग रोखते, आणि वारंवार असे झाले की बॅटरीचे आयुष्य घटते. अर्धा-पाऊण तास सावलीत राहू द्या. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी उष्णतेला अधिक सोसते, अकोला-चंद्रपूरच्या हवेत तिला प्राधान्य द्यावे.

कामधंदा: कुणाचा वाढतो, कुणाचा घटतो

पिस्टन, क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह, सायलेन्सर, इंधन टाकी हे भाग विजेच्या गाडीत नसतात. भोसरी-चाकणमधले जे लघुउद्योग फक्त हेच भाग बनवतात, त्यांच्या ऑर्डरी आधी घटणार. ब्रेक, सस्पेन्शन, चाकांचे हब, चॅसी यांचे काम तसेच राहते, आणि मोटारीच्या व कंट्रोलरच्या अ‍ॅल्युमिनियम कवचाचे डायकास्टिंग वाढते. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलमधल्या फाउंड्रींचे बरेच काम ट्रॅक्टर, ट्रक आणि पंपांच्या ओतकामाचे आहे. तिथे हा बदल दुचाकीइतक्या लवकर येणार नाही. नवी गुंतवणूक ज्या ठिकाणी उतरते आहे त्यात छत्रपती संभाजीनगरजवळचे ऑरिक-बिडकीन हे औद्योगिक क्षेत्र पुढे आहे. म्हणजे राज्याची बेरीज वाढली तरी एका जिल्ह्यातले काम दुसऱ्या जिल्ह्यात सरकू शकते, आणि भोसरीतला चाळीस वर्षांचा टर्नर बिडकीनला जाऊ शकेलच असे नाही.

गॅरेजचे तसेच. ऑइल बदलणे, प्लग, क्लच, टायमिंग चेन ही कमाई जाते. टायर, ब्रेक, बेअरिंग, वायरिंग राहते, कंट्रोलर आणि बॅटरी पॅकची दुरुस्ती नवी येते. पण कंपन्या निदानाचे सॉफ्टवेअर बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत, त्यामुळे तालुक्यातल्या मिस्त्रीला काम येत असूनही हात लावता येत नाही. आयटीआयमध्ये विद्युत वाहन मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिथून निघालेल्या मुलाला सुटे भाग आणि सॉफ्टवेअर खुले मिळाले तरच दुरुस्तीचा पैसा गावात राहील.

म्हणून कुठलीही स्कूटर निवडताना किमतीच्या आधी तीन प्रश्न विचारा. कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर तुमच्या घरापासून किती किलोमीटरवर आहे? कंट्रोलर आणि चार्जर सुटा मिळतो का, किती दिवसांत? बॅटरीची हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नका, हमीपत्रातली ओळ दाखवायला सांगा. अनुदानाचेही तसेच. केंद्राची दुचाकीवरची सवलत टप्प्याटप्प्याने कमी होत गेली आहे, तेव्हा ती धरून बजेट मांडू नका. राज्याची सवलत मिळणार असेल तर ती बिलातच वजा होऊन आली आहे का ते पाहा. "नंतर खात्यात येईल" असे सांगितले तर ती रक्कम शून्य धरून निर्णय घ्या. तृतीय पक्ष विम्यात विजेच्या गाडीला १५ टक्के सूट आहे, ती कोटेशनमध्ये दिसते का हेही तपासा.

रोजचे अंतर वीस किलोमीटरच्या वर आणि घरी किंवा दुकानात स्वतःचा प्लग असेल तर विजेची घ्या. अंतर दहाच्या आत असेल, किंवा भाड्याच्या खोलीत तिसऱ्या मजल्यावर राहून गाडी रस्त्यावर लावायची असेल, तर पेट्रोलच बरी. सार्वजनिक चार्जरवर युनिटला अठरा-वीस रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी द्यावा लागतो. स्कूटरला तो परवडतो, पण दर तीन दिवसांनी तासभर तिथे थांबणे सहा महिन्यांनंतर कुणालाच परवडत नाही. काढून घरात नेता येणारी बॅटरी असलेले मॉडेल हा मधला मार्ग आहे. मात्र अशी बॅटरी आठ-दहा किलोपासून पुढे भरते, घेण्याआधी ती एकदा स्वतः जिना चढून वर नेऊन पाहा.